सहा पुस्तकांची सुटी

मुलगा किंवा मुलगी परदेशीं स्थायिक झाली म्हणजे आईबापांच्या आयुष्यांत एक नवाच ऋतु सुरू होतो. दर वर्षा-दोन वर्षांनीं तिकडे जावयाचें, चार-सहा महिने राहावयाचें, नातवंडांना अंगाखांद्यावर खेळवावयाचें आणि परत यावयाचें. जाण्यापूर्वीं मेतकूट, भाजण्या, चकल्या यांची तयारी मोठ्या उत्साहानें होते. परंतु तेथें पोहोंचल्यावर तिसऱ्या आठवड्यांत जो प्रश्न उभा राहतो, त्याची तयारी कोणीच केलेली नसते. मुलगी आणि जांवई सकाळींच कामावर जातात, नातवंडें शाळेंत जातात, दार लागतें, आणि भरल्या घरांत चाळीस वर्षें वावरलेली बाई खिडकीशीं बसून रस्त्यावरची रहदारी मोजूं लागते.

या सदराकडे येणाऱ्या पत्रांतून हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. तिकडे दिवस कसा घालवावा, असें पुसणाऱ्या भगिनींना उत्तर म्हणून, २०२५ च्या उन्हाळ्यांत लंडनच्या वायव्य भागांत मुलीकडे असतांना मीं जें केलें त्याची हकीकत या महिन्यांत सांगण्याचें योजिलें आहे. मीं तेथें लहान मुलांच्या ग्रंथालयांत विनावेतन काम केलें. आणि इतकी निर्भेळ मौज मला पुष्कळ वर्षांत लाभली नव्हती. मात्र हा लेख केवळ मौजेचा नाहीं. त्या मौजेंतून एक विचार माझ्याबरोबर शिरोलीपर्यंत आला आहे, आणि तो आपल्या घरांतील कपाटांशीं निगडित आहे.

प्रथम तें ग्रंथालय कसलें हें सांगितलें पाहिजे. विलायतेंतील ग्रंथालय म्हटलें कीं, उंच दगडी इमारत, पायांखालीं गालिचा आणि पगारी ग्रंथपालांचा ताफा असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें येतें. तशीं ग्रंथालयें तेथें आहेतच. इंग्लंडांत सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला कायदा १८५० सालीं झाला, आणि १९६४ च्या कायद्यानें उत्तम ग्रंथालयें चालविणें हें स्थानिक संस्थांचें कर्तव्यच ठरविलें. परंतु २०१० नंतर सरकारी खर्चास कात्री लागली. शेंकडो ग्रंथालयें बंद पडलीं किंवा वस्तींतील लोकांच्या हातीं सोंपविलीं गेलीं. लंडनच्या ब्रेंट विभागांत, जेथें १९३२ सालीं स्थापन झालेल्या आपल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तु आहे त्याच विभागांत, २०११ सालीं बारांपैकीं सहा ग्रंथालयांना कुलपें लागलीं.

त्या सहांपैकीं केन्सल राइझ येथील ग्रंथालयाची कथा ऐकण्यासारखी आहे. १९०० सालीं मार्क ट्वेन या अमेरिकन ग्रंथकारानें तें उघडलें होतें. १११ वर्षांनीं तें बंद झालें, आणि २०१२ च्या मे महिन्यांत नगरसंस्थेच्या माणसांनीं पोलिस बंदोबस्तांत, लोक झोंपेंत असतांना येऊन तेथील पुस्तकें हलविलीं. वस्तींतील लोकांनीं नुसता शोक केला नाहीं. इमारतीच्या बाहेरच, पदपथाला लागून, त्यांनीं आपल्या घरचीं पुस्तकें मांडलीं आणि देवघेव चालू ठेविली. सभा झाल्या, न्यायालयांत दाद मागितली, वर्गणी जमली. आणि अखेर २०१९ सालीं त्याच इमारतीच्या तळमजल्यावर ग्रंथालय पुन्हां उघडलें. तें आज चालतें तें स्वयंसेवकांच्या बळावर. मी ज्या ग्रंथालयांत जात असें, तें याच जातीचें, पण त्याहूनहि साधें, माझ्या मुलीच्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर होतें. निवृत्त शिक्षिका, एक टपालखात्यांतील गृहस्थ, महाविद्यालयांतील दोन मुली, आणि आठवड्यांतून दोन सकाळीं मी, अशी आमची मंडळी होती.

मुलांची खोली आपल्या दिवाणखान्याएवढीच. परंतु तिच्यांतील प्रत्येक वस्तूनें मुलाची उंची मोजून घेतली आहे असें वाटे. सर्वांत वरची फळी सात वर्षांच्या मुलाचा हात पोहोंचेल इतकीच उंच. अगदीं लहानांचीं पुस्तकें बैठ्या लांकडी खोक्यांत, मुखपृष्ठ पुढें करून ठेविलेलीं; कारण ज्याला अक्षर येत नाहीं त्याला चित्रच पुस्तकाचें नांव सांगतें. जमिनीवर गाद्या पसरलेल्या. कुलूप एकाहि कपाटाला नाहीं. किंबहुना कपाटच नाहीं. प्रत्येक मुलाला स्वतःच्या नांवाचें कार्ड, अंगावर पिणाऱ्या बाळालासुद्धां. पुस्तक उशिरा आणल्यास मोठ्या माणसांना दंड असला, तरी मुलांना तो तेथील बहुतेक ग्रंथालयांत माफ असतो. जी आई दंडाच्या धास्तीनें पुस्तक घरीं नेऊं देत नाहीं, तिच्याच मुलाला पुस्तकाची गरज अधिक असते, असा त्यामागील विचार आहे.

आम्हां स्वयंसेवकांना पहिल्याच दिवशीं तीन गोष्टी सांगण्यांत आल्या. मुलाबरोबर बंद खोलींत एकट्यानें बसावयाचें नाहीं. मुलांचीं छायाचित्रें काढावयाचीं नाहींत. आणि मुलाची परीक्षा घ्यावयाची नाहीं. पहिल्या दोन नियमांचें कारण मला लगेच कळलें. तिसऱ्याचें महत्त्व कळावयास थोडे दिवस लागले.

तेथील शाळांना उन्हाळ्याची सुटी जुलैच्या अखेरीस लागते आणि सुमारें सहा आठवडे चालते. एवढ्या अवधींत मुलें वाचन विसरतात, ही तक्रार सर्व देशांतील शिक्षकांची आहे. त्यावर उपाय म्हणून १९९९ पासून ब्रिटनमधील सार्वजनिक ग्रंथालयांतून ‘समर रीडिंग चॅलेंज’ नांवाचा उपक्रम चालतो. रीडिंग एजन्सी या संस्थेनें त्याची आंखणी केलेली असते. चार ते अकरा वर्षांच्या मुलानें नांव नोंदवावें, सुटींत आपल्या पसंतीचीं सहा पुस्तकें वाचावीं, आणि मधून मधून येऊन त्यांविषयीं कोणाशीं तरी बोलावें. त्याबद्दल चिकटावयाचीं रंगीत चित्रें मिळतात, आणि सहावें पुस्तक पुरें झालें म्हणजे प्रशस्तिपत्रक. पैसा मुळींच पडत नाहीं. दर वर्षीं उपक्रमाला नवा विषय असतो. २०२५ चा विषय ‘स्टोरी गार्डन’, म्हणजे गोष्टींची बाग, हा होता. आतां ‘कोणाशीं तरी बोलावें’ असें जें म्हटलें, त्यांतील तो ‘कोणी तरी’ म्हणजे मी.

पहिल्या सकाळीं माझ्यापुढें येऊन बसलेल्या बाईसाहेब सहा वर्षांच्या होत्या. पुस्तक एका अस्वलाचें होतें. काय काय झालें त्या गोष्टींत, असें मीं विचारलें. तिनें क्षणभर विचार केला आणि सांगितलें, “अस्वल होतें. तें चिडलें. मग त्याला खायला मिळालें.” झालें! आख्खें पुस्तक तीन वाक्यांत आटोपलें, आणि तिची नजर रंगीत चित्रांच्या डब्याकडे वळली. तेव्हां शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनीं हलकेच पुस्तक तिच्याकडे सरकवून म्हटलें, “यांतलें कोणतें पान तुला घरीं न्यावेंसें वाटतें?” एकदम मुलीनें पुस्तक उघडलें, अस्वलाच्या स्वयंपाकघराचें पान काढलें, आणि त्या स्वयंपाकघरांत कोणती बरणी कशाची, अस्वलाची आई कोठें गेली असेल, तिच्या स्वतःच्या आईची बरणी कशी फुटली, असें दहा मिनिटें न थांबतां सांगत राहिली. ‘काय झालें’ ही परीक्षा. ‘कोणतें पान आवडलें’ ही गप्प. मुलाला गप्पा हव्या असतात. तिसऱ्या नियमाचा अर्थ असा उलगडला.

दुसरे एक गृहस्थ नऊ वर्षांचे. त्यांना कोड्यांच्या आणि विनोदाच्या पुस्तकांवांचून दुसरें कांहीं रुचत नसे. हें कसलें वाचन, असें आपल्याकडे कोणी तरी म्हटलें असतें. तेथें मात्र मुलानें आनंदानें निवडलेलें कोणतेंहि पुस्तक सहांत धरलें जातें. तो मला कोडीं घाली आणि मी हरलें कीं टाळ्या पिटी. एके दिवशीं मीं त्याला आपल्याकडचें नारळाचें कोडें आपल्या शब्दांत घातलें: उंच टांगलेलें बंद भांडें, त्याला तोंड नाहीं, तरी आंत गोड पाणी, तें भरलें कोणीं? त्यानें बराच वेळ छताकडे पाहिलें आणि उत्तर दिलें, “ढग!” मीं त्याला पुरे गुण दिले. आमच्या पूर्वजांना सुचलें नाहीं असें उत्तर त्या कोड्याला मिळालें होतें.

तिसरा मुलगा या दोघांहून वेगळा. वय आठ, पण वाचनांत मागें. आई त्याच्या देखत सर्वांना सांगे कीं, याला वाचायला आवडत नाहीं. तो फुटबॉलच्या संघांविषयींचें पुस्तक घेऊन आला. तें उघडून बसे, पण तोंडांतून शब्द काढीत नसे. त्या पुस्तकांत इंग्लंडांतील गांवांचीं नांवें पानोपानीं. इंग्रजी अक्षरें एक सांगतात आणि उच्चार दुसराच होतो, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. मीं एका नांवावर बोट ठेवून त्याला विचारलें, “हें इकडे कसें म्हणतात? आमच्याकडे कोणी अक्षरांवरून वाचलें तर लीसेस्टर म्हणेल.” तो प्रथमच हंसला. “लेस्टर,” तो म्हणाला. मग वूस्टर. मग नॉरिच. पुढील तीन आठवडे तो मला गांवांचीं नांवें शिकवीत होता, आणि एका नांवापासून दुसऱ्या नांवापर्यंत जाण्याकरितां मधलीं वाक्यें वाचणें त्याला भागच होतें. ज्याला सर्व जण शिकवितात, त्याला शिकविण्याची संधि क्वचित् मिळते. परक्या मुलखांतून आलेली, कानांनीं थोडी मंद, घाई नसलेली म्हातारी हें त्या मुलाच्या दृष्टीनें उत्तम विद्यार्थ्याचें रूप होतें. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यांत त्याचें सहावें पुस्तक पुरें झालें. प्रशस्तिपत्रक हातांत पडतांच त्यानें प्रथम आईकडे पाहिलें नाहीं, माझ्याकडे पाहिलें. आणि त्या नजरेची आठवण मी जपून ठेविली आहे. नांव नोंदविलेलीं सर्वच मुलें सहांपर्यंत पोहोंचलीं असें मात्र नाहीं. कित्येक दोन पुस्तकांवर थांबलीं, कांहीं पुन्हां दिसलींच नाहींत. पण जीं आलीं तीं हंसत आलीं.

आणि आतां सर्वांत मोठ्या मौजेची गोष्ट. बुधवारीं सकाळीं गोष्ट सांगण्याची वेळ असे. एकदां नेमलेली बाई येऊं शकली नाहीं, आणि काम माझ्याकडे आलें. पुस्तक न घेतां मीं आपली भोपळ्यांत बसून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगितली. लेकीकडे जातांना वाटेंत वाघ-लांडगे अडवितात, ती म्हणते, मी आतां हाडांची काडी आहें, लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन लठ्ठ होऊन येतें, मग मला खा. माझ्या स्वतःच्या स्थितीला इतकी जुळणारी दुसरी गोष्ट मला त्या वेळीं सुचणेंच शक्य नव्हतें! मुलांनीं भोपळा होऊन गाद्यांवर लोळण घेतली. कोपऱ्यांत एक इराणी आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. इंग्रजी त्यांना बेताचें. म्हातारी भोपळ्यांत शिरतांच त्या उठून उभ्या राहिल्या आणि फारशींत भराभर कांहीं बोलूं लागल्या. नातवानें भाषांतर केलें: “आजी म्हणते, ही गोष्ट तुम्हांला कोणीं सांगितली? ही आमची आहे.”

खरोखरच ती त्यांचीहि आहे. इराणांत ‘कदू’ म्हणजे भोपळा, आणि त्यांच्या गोष्टींतील म्हातारीहि लेकीकडे जाते, वाटेंतील जनावरांना असेंच फसविते व भोपळ्यांतून गडगडत घरीं येते. बंगाली घरांतूनहि हीच म्हातारी दुध्यांत बसून प्रवास करते. ती कोणत्या देशांतून निघाली हें पंडितांनीं ठरवावें. आम्ही दोघींनीं त्या दिवशीं एवढेंच ठरविलें कीं, पुढील बुधवारीं त्यांनीं फारशींत आणि मीं मराठींत एक एक प्रसंग सांगावयाचा, आणि नातवानें मधें इंग्रजी करावयाचें. तो कार्यक्रम झाला. समजलें कोणाला किती हें मला सांगतां येणार नाहीं. पण तीन भाषांत एकच भोपळा गडगडत असतां मुलें पोट धरून हंसत होतीं, हें मीं पाहिलें. दोन आज्या, दोघींचीहि मूळ घरें हजारों कोस दूर, आणि हातांत शिधा म्हणून उरलेली एक गोष्ट. ती दोघींच्या पदरांत एकच निघाली.

परत येतांना विमानांत मी विचार करूं लागलें, कीं मीं तेथें नेलें तरी काय? माझें इंग्रजी कामापुरतें. ग्रंथालयशास्त्राची पदवी मजपाशीं नाहीं. मीं नेली ती मोकळी सकाळ, ऐकावयास तयार असलेला कान, आणि पांचपन्नास गोष्टी. पुस्तक मुलाच्या हातीं देऊन ग्रंथालयाचें काम संपत नाहीं; त्या पुस्तकाविषयीं ऐकून घेणारें कोणी तरी लागतें. त्या देशांत इमारती आहेत, पुस्तकें आहेत. ऐकून घेणारीं माणसें मिळविण्याकरितां मात्र फलक लावावा लागतो. आणि आपल्या एकत्र कुटुंबांत, ईश्वरकृपेनें, अशीं माणसें घराघरांत दोन-तीन तरी आहेत. मग आपल्याकडे उणें कशाचें?

उणें परंपरेचें नाहीं. ज्या १८५० सालीं इंग्लंडांत ग्रंथालयांचा कायदा झाला, त्याच १८५० सालीं आमच्या कोल्हापुरांत आजच्या करवीर नगर वाचन मंदिराचा पाया घातला गेला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून राज्यभर मोफत ग्रंथालयांचें जाळें विणविलें. खेडोपाडीं पुस्तकांच्या पेट्या फिरत, आणि मध्यवर्ती ग्रंथालयांत मुलांचें स्वतंत्र दालन होतें. कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तो मद्रासच्या १९४८ च्या कायद्याच्याहि आधीं. पुस्तकेंहि उणीं नाहींत. १९०६ पासून वा. गो. आपट्यांच्या ‘आनंद’ मासिकानें मराठी मुलांच्या पिढ्या वाढविल्या. बालभारतीचें ‘किशोर’ १९७१ पासून निघत आहे. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ सारखीं, पाहतांक्षणीं हातांत घ्यावींशीं वाटणारीं पुस्तकें आज मिळतात.

उणें आहे तें किल्लीचें. आपल्या सुशिक्षित घरांत पुस्तकांचें कपाट असतें, त्याला कांच असते, आणि कांचेला कुलूप. मुलानें मागितलें तर पुस्तक मिळतें. पण जें दिसलें नाहीं, हाताळलें नाहीं, तें मूल मागणार कसें? सार्वजनिक वाचनालयांतूनहि मुलांचा विभाग म्हणजे पुष्कळदां भिंतीकडचें एक कपाट असतें, आणि त्याची किल्ली ज्याच्यापाशीं तो जेवावयास गेलेला असतो. आपण पुस्तकांचा मान राखतों. मुलांना मात्र पुस्तकांशीं सलगी हवी असते.

आमचें घर शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत आहे. पुलाची शिरोली हें मूळचें गांव पंचगंगेच्या पलीकडे, पुणें-बंगळूर मार्गावर. आणि त्यालगतच्या या वसाहतींत दिवसरात्र फौंड्र्या चालतात. मोटारींच्या, पंपांच्या भागांचें ओतकाम येथें होतें. भट्टीपाशीं आणि सांचे घालण्याच्या कामावर बिहार, उत्तर प्रदेश, ओरिसा, कर्नाटक येथून आलेले पुष्कळ कामकरी आहेत. त्यांचीं मुलें घरीं भोजपुरी, उडिया किंवा कानडी बोलतात, शाळेंत मराठी शिकतात, आणि संध्याकाळीं रस्त्याच्या कडेला खेळतात. लंडनहून आल्यावर एका संध्याकाळीं मीं त्यांच्याकडे पाहिलें आणि जी गोष्ट इतकीं वर्षें डोळ्यांसमोर असून मनांत आली नव्हती ती आली. या मुलांच्या आज्या दूर गांवीं राहिल्या आहेत. माझ्या नातवंडांचीहि आजी दूरच राहते.

घरांत विषय काढला, तेव्हां मतभेद झाला. आमचे थोरले भाऊजी वाचनाचे मोठे भोक्ते; पण त्यांचें म्हणणें असें कीं, पुस्तकें फाटतील, हरवतील, आणि आज पुस्तक नेणारें कुटुंब उद्यां काम सोडून गेलें तर मागावें कोणापाशीं? थोरल्या जाऊबाईंना निराळीच काळजी. पडवींत कोणाकोणाचीं मुलें येऊन बसणार, हें त्यांनीं स्पष्ट विचारलें नाहीं. पण प्रश्न तोच होता, आणि तो कित्येक घरांत असाच न विचारतां उभा असतो. मीं वाद घातला नाहीं. दिवाळीनंतर पडवींत एक बैठी फळी ठोकून घेतली, घरांतील आणि शेजारच्या दोन घरांतील मिळून साठ पुस्तकें मुखपृष्ठें पुढें करून मांडलीं, आणि रविवारीं सकाळीं दहा वाजतां दार उघडें ठेविलें. पहिल्या रविवारीं चार मुलें आलीं आणि उंबऱ्याबाहेर उभीं राहिलीं. त्यांना आंत या म्हणून बोलाविलें तें जाऊबाईंनीं. मुलें दारांत ताटकळत उभीं असलेलीं त्यांना पाहवत नाहींत.

आतां पंधरा-वीस मुलें येतात. नॅशनल बुक ट्रस्टच्या बालपुस्तकांतील कांहीं पुस्तकें मराठी, हिंदी, कानडी अशा निरनिराळ्या भाषांत मिळतात; त्यामुळें एकच चित्र दाखवून दोन भाषांत गोष्ट सांगतां येते. पुस्तकें हरवलीं का? दोन आलीं नाहींत. तिसरें एक पुस्तक लग्नाकरितां गांवीं गेलेल्या कुटुंबाबरोबर बिहारांत गेलें. भाऊजींनीं त्याच्या नांवावर काट मारण्यास सांगितलें. दीड महिन्यानें तें परत आलें, जुन्या साडीच्या कापडाचें वेष्टन घालून, कडेनें बारीक टांके घातलेलें. मुलीनें सांगितलें, आजीनें शिवलें, म्हणाली पुस्तकाला धूळ लागूं नये. भाऊजींनीं तें हातांत घेऊन उलटसुलट पाहिलें, बोलले कांहीं नाहींत. पण पुढच्या रविवारपासून देवघेवीची वही त्यांनीं आपल्याकडे घेतली आहे.

ज्या भगिनींनीं प्रश्न विचारला होता त्यांच्याकरितां दोन शब्द व्यवहाराचे. इंग्लंडांत पाहुणे म्हणून गेलेल्या माणसास, तेथील नोंदणी झालेल्या धर्मादाय संस्थेचें विनावेतन काम एकूण तीस दिवसांपर्यंत करतां येतें. प्रत्येक देशाचे नियम निराळे असतात व ते बदलतात, म्हणून जाण्यापूर्वीं नीट पाहून घ्यावें. तेथें गेल्यावर जवळचें ग्रंथालय शोधावें, मुलीला बरोबर घेऊन जावें आणि सरळ विचारावें. इंग्रजी बेताचें असल्यास संकोच करूं नये. मुलांना शिकविण्याची हौस असते. जातांना चार चित्रांचीं मराठी पुस्तकें न्यावीं आणि लहानपणीं ऐकलेल्या गोष्टी एकदां मनांत उजळून घ्याव्या.

ज्यांना परदेशीं जावयाचें नाहीं, त्यांना तर हें काम अधिकच सोपें आहे. येत्या सुटींत घरांतील प्रत्येक मुलाला सहा पुस्तकें स्वतः निवडूं द्यावीं. खालची एक फळी त्यांच्या हाताला लागेल अशी मोकळी करावी. पुस्तक संपल्यावर काय झालें असें न पुसतां कोणतें पान आवडलें असें पुसावें, आणि पुसण्याचें काम आजी-आजोबांकडे द्यावें. कामवालीचें मूल, वाहनचालकाचें मूल, शेजारच्या बांधकामावरचें मूल यांना त्याच फळीपाशीं बसूं द्यावें. पुस्तकें थोडीं मळतील, एखादें हरवेल. मुलांच्या हातीं पडून मळलेलें पुस्तक वाया गेलें असें मी आतां समजत नाहीं. या उपक्रमाचा अनुभव जीं कुटुंबें घेतील त्यांनीं आपल्या मुलांनीं निवडलेल्या सहा पुस्तकांचीं नांवें या सदराकडे अवश्य पाठवावीं; सुटीनंतरच्या अंकांत तीं सर्व नांवें देण्याचा विचार आहे.